उन्हाची खूण

'जामनेरला उन्हाळा फार कडक येतो,' असं बाहेरगावचे लोक म्हणतात. यातला 'येतो' हा शब्द चुकीचा आहे. उन्हाळा हा इथला मूळ रहिवासी. पाऊस आणि थंडी हे त्याचे पोटभाडेकरू. ते आपापल्या वेळी येतात, चार दिवस राहतात, भाडं थकवतात आणि निघून जातात. उन्हाळा मात्र घरमालकाच्या थाटात अंगणात खाट टाकून बसलेला असतो. फेब्रुवारीच्या शेवटी तो नुसता खाकरतो, मार्चात उठून उभा राहतो आणि एप्रिल-मेमध्ये घरात शिरून आपल्याच खुर्चीवर बसतो. आपण उभे.

यात आमचं एक जुनं दुःख आहे. वर्तमानपत्रात गावोगावच्या तापमानाची यादी छापून येते. तिच्यात जळगावचं नाव असतं, भुसावळचं असतं, जामनेरचं नसतं. भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला की ठळक टायपात बातमी. तेच ऊन तिथून जवळच आमच्या डोक्यावर पडतं, तेव्हा त्याची दखल फक्त आमचं डोकं घेतं. भुसावळचा पाहुणा आला की, 'आमच्याकडे काल शेहेचाळीस होतं' हे अशा सुरात सांगतो, जणू त्याचा मुलगा बोर्डात पहिला आला आहे. आपल्याजवळ सांगायला आकडाच नसतो. मग आपण म्हणतो, 'हो का? आमच्याकडे गच्चीवर पापड टाकले होते. वाळायच्या आधी भाजून निघाले!' साहित्याचा जन्म हा असा अभावातून होतो.

अशा या गावात मी उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवला. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, विसर्ग, अवग्रह अशा बारीकसारीक खुणांशी माझा संसार. एक टिंब इकडचं तिकडं झालं तर अर्थाचा कसा अनर्थ होतो, हे मी हजारो मुलांना सांगितलं आणि त्यांतल्या काहींनी ते ऐकलंही. पण उन्हाला स्वतःची अशी एक खूण आहे, अक्षरासारखी लिहिता-वाचता येणारी, हे माझ्या गावीही नव्हतं. नंतर कळलं की ती माझ्या गावीच होती. बाजारपेठेत, पत्र्याच्या एका दुकानात.

या दुकानाच्या मालकाला सगळा गाव 'रेडिओवाला' म्हणतो. त्याच्याकडे रेडिओ दुरुस्तीला येऊन कैक वर्षं झाली असतील. आता कूलर, मिक्सर, फ्रीज, मोबाइलचे चार्जर आणि शेतातल्या पंपांचे स्टार्टर येतात. पण गावानं एकदा ठेवलेलं नाव दुरुस्त करायची सोय त्याच्याही दुकानात नाही. नववीत त्यानं शाळा सोडली. खरं म्हणजे इंग्रजीनं त्याला सोडलं. पण कुठल्याही देशाच्या यंत्राचा विजेचा नकाशा त्याच्यापुढं ठेवा, आपण पोथी वाचावी तसा तो बोट फिरवत वाचून दाखवील. आमचा जिल्हा बहिणाबाईंचा आहे. लिहिता-वाचता येणं आणि समजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला वेगळं शिकवावं लागत नाही.

आमचा फ्रीज बंद पडला तेव्हा त्यानं मागून एक काळी डबी काढली, काडेपेटीएवढी, आणि माझ्या कानाशी नेऊन हलवली.

"वाजतंय ना, सर?"

"वाजतंय."

"वाजलं की गेलं. आत एक चकती असते. ती फुटली की डबीचा खुळखुळा होतो. पीटीसी म्हणतात याला."

मी आपली सवयीनं व्युत्पत्ती विचारली. त्यावर त्यानं एक जाडजूड वही काढली. किराणा दुकानात असते तशी, लाल कापडी बांधणीची. पण हिच्यात उधारी नव्हती. पानापानांवर बॉलपेननं काढलेले विजेचे नकाशे होते. रेषा निघायच्या, काटकोनात वळायच्या, मध्येच एखाद्या चिन्हात शिरायच्या आणि पलीकडून बाहेर पडायच्या. मला आमच्या पीजेची आठवण झाली. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वे. ही छप्पन्न किलोमीटरची छोटी गाडी २०२० साली बंद झाली, पण तिच्यात बसलेल्या माणसाला 'सिरीज सर्किट' समजावून सांगावं लागत नाही. एकच रूळ, एकापाठोपाठ एक स्टेशनं, आणि प्रत्येक स्टेशन हा एक रेझिस्टन्स. वीज असो की प्रवासी, पुढचं पुढं जाणार ते मागच्यानं सोडलं तरच.

रेझिस्टन्सला आमच्या पाठ्यपुस्तकी मराठीत 'रोध' म्हणतात. शब्द छान आहे. विरोध, अवरोध, अनुरोध असं त्याचं घराणं मोठं. या घराण्यातल्या 'निरोध'ला १९६८ साली सरकारनं कुटुंबनियोजनाच्या कामाला लावलं, त्यामुळं वर्गात ही यादी सांगताना मी 'अनुरोध'पाशीच थांबत असे. पण रोध हा काही वाईट गृहस्थ नाही. ज्या तारेत रोधच नाही, तिच्यातून वीज अशी सुसाट धावते की आधी फ्यूज जातो आणि मग घरमालकाचा चेहरा. संसारात कुणीतरी नको म्हणणारं लागतं. विजेच्या संसारात ते काम रोधकाकडं आहे.

त्याचं चिन्ह तुम्हीआम्ही शाळेत काढलेलं आहे: करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेघ. अमेरिकेतही ती तशीच काढतात. युरोपातल्या लोकांना मात्र दाते काढायचा कंटाळा असावा. ते एक साधा आडवा चौकोन काढतात, दोन्ही बाजूंना तार, की झाला रोधक. १९०६ साली लंडनमध्ये विजेच्या शास्त्रातली एकवाक्यता करण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्याचंही मत चौकोनाच्या बाजूनं पडलं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं जगातले मोठमोठे विद्वान एकत्र बसताहेत, तरी एका रोधकाचं शुद्धलेखन काही एक झालं नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. मराठी शुद्धलेखनाचे नियम बदलले की आम्ही मास्तर उगाच एवढे कष्टी होत होतो. रेडिओवाल्याच्या वहीत दोन्ही प्रकार सुखानं नांदत होते. "दाते असले काय न् डबा असला काय, सर," तो म्हणाला, "वीज थोडीच वाचायला बसते?"

मग त्यानं त्या काळ्या डबीचं चिन्ह दाखवलं. चौकोन तोच, पण त्याच्या पोटातून एक तिरपी रेघ आरपार गेलेली. आणि ती रेघ खाली बाहेर पडल्यावर एकदम वळून आडवी झालेली. हॉकीची काठी उलटी टेकवून ठेवावी तशी. त्या आडव्या तुकड्याशी लिहिलेलं: अधिक टी, आणि वर अंशाचं शून्य.

मराठीत आपण अक्षराचा पाय मोडतो. इथं तर रेघेला पाय फुटला होता! माझं कुतूहल चाळवलं. मी म्हणालो, "हा पाय कशासाठी?"

त्यानं जे समजावलं ते इतकं सोपं होतं की वर्गात असतो तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. रोधकातून तिरपा बाण गेलेला दिसला, तर समजायचं की याचा रोध कमीजास्त करता येतो, पण तो करणारा दुसरा कुणीतरी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला तो लांबलचक ऱ्हिओस्टॅट आठवा. त्याची दांडी कुणीतरी सरकवली तरच तो बदलणार. एरवी जन्मभर तसाच. बाण म्हणजे परक्याचा हात. बाण नसून नुसतीच तिरपी रेघ असेल, तर तो आपला आपण बदलतो. आणि रेघेला पाय असेल, तर हा बदल सरळ हिशेबातला नाही. दुप्पट तापलं म्हणून दुप्पट बदललं, असा व्यवहार तिथं चालत नाही. कशामुळं बदलतो, ते पायाशी लिहायचं. विजेच्या दाबामुळं बदलणारा असेल तर तिथं 'यू' येतो. उन्हातापामुळं बदलणारा असेल तर 'टी' किंवा ग्रीक 'थीटा'. या शेवटच्याचं नाव थर्मिस्टर.

आता तुम्हीच सांगा, एका रेघेत, एका पायात आणि एका अक्षरात एवढा मजकूर बसवणारी लिपी कुठं पाहिली आहे? 'हा स्वतः बदलतो, हवेमुळं बदलतो, आणि किती बदलेल याचा त्रैराशिकानं अंदाज बांधू नका.' आमच्याकडे एवढं सांगायला मुलीच्या बापाला चार मध्यस्थ लागतात.

राहता राहिला प्रश्न 'अधिक' आणि 'उणे' याचा. थर्मिस्टर दोन स्वभावांचे असतात. एकाच्या पायाशी 'उणे टी' लिहितात. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. दुसऱ्याच्या पायाशी 'अधिक टी'. तो तापला की त्याचा रोध वाढतो. काही नकाशांत टी-ऐवजी दोन छोटे बाण काढतात. एक उन्हाचा, एक रोधाचा. पहिल्या प्रकारात एक वर आणि एक खाली, दुसऱ्यात दोन्ही वर. इंग्रजीत यांना अनुक्रमे एनटीसी आणि पीटीसी अशी नावं आहेत. रेडिओवाल्याच्या वहीत त्या चिन्हांशेजारी त्यानं स्वतःच्या अक्षरात मराठी अर्थ लिहून ठेवला होता. एकापुढं: 'ऊन लागलं की सैल.' दुसऱ्यापुढं: 'ऊन लागलं की ताठ.'

मी चष्मा काढून पुसला. परिभाषाकोशांच्या समित्यांवर काम केलेले काही विद्वान मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी एकाही विद्वानाला या दोन ओळी सुचल्या नसत्या, आणि सुचल्या असत्या तर त्यांनी त्या नामंजूर केल्या असत्या.

त्या दिवसापासून मला गावातली माणसं निराळीच दिसू लागली. शेजारचे आप्पा घ्या. जानेवारीच्या थंडीत त्यांच्याकडे वर्गणी मागायला गेलात, तर ते तुम्हांला मागच्या वर्षीचा हिशेब विचारतील, पावतीपुस्तकावरचा शिक्का तपासतील आणि शेवटी 'विचार करतो' म्हणतील. तेच आप्पा मे महिन्यात दुपारी अडीच वाजता गाठा. दार किलकिलं होतं, एक ओला पंचा दिसतो, त्यातून एक हात बाहेर येतो, हातात पैसे असतात आणि 'पावती राहू द्या, दार लावा' एवढंच ऐकू येतं. आप्पा उणे टी. ऊन लागलं की सैल. गावातली सगळी मंडळं आता उत्सव कुठलाही असो, वर्गणी मेमध्येच गोळा करतात.

याउलट आमच्या नात्यातले एक काका. हे अधिक टी. पीटीसीची गंमत अशी की तो आधी बराच वेळ काहीच दाखवत नाही. ताप वाढत असतो आणि हा आपला शांत. मग एक विशिष्ट अंश ओलांडला की रोध असा एकाएकी उभा चढतो, की पुढचा सगळा कारभार ठप्प. काका लग्नात वरपक्षाकडून आले होते. मे महिना, मांडव, भर बाराचा मुहूर्त. जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, म्हणजे बाहेर ऊन आणि पोटात निखारे. मानपानात टोपी आखूड निघाली, काका शांत. सरबत कोमट निघालं, काका शांत. पंखा त्यांच्याकडून वळून मुलीच्या मामांकडे गेला आणि काका ताठ झाले! मंगलाष्टकं थांबली. काकांना थंड करायला दीड तास लागला. हे दीड तासाचं रहस्यही मला त्या काळ्या डबीनंच उलगडून दाखवलं. फ्रीज सुरू होताना ही चकती थंड असते, म्हणून ती वीज सोडते; कॉम्प्रेसरला धक्का मिळतो. सेकंदभरात चकती तापते, ताठ होते आणि त्या वाटेची वीज जवळजवळ बंद करते, कारण आता धक्क्याची गरज नसते. पण वीज जाऊन लगेच आली, तर फ्रीज उठत नाही, नुसता कुरकुरतो. चकती अजून तापलेलीच असते. तिला निवायला काही मिनिटं द्यावी लागतात. आपण मात्र काका रुसले की लगेच समजूत घालायला धावतो. पुढच्या लग्नापासून आम्ही त्यांना आधी निवू देतो.

जुन्या रंगीत टीव्हीचं बटण दाबलं की 'धम्' असा एक आवाज व्हायचा, आठवतो? १९८२ साली आपल्याकडे रंगीत चित्र आलं आणि हा 'धम्' घराघरांत आला. त्यामागंही हीच चकती असायची. पडद्याभोवती एक वेटोळं असे. बटण दाबताच त्यातून क्षणभर जोराची वीज जाऊन पडद्यात साचलेलं चुंबकत्व धुऊन निघे, आणि मग चकती ताठ होऊन त्या विजेला बाहेर काढी. म्हणजे रंग बिघडू नयेत म्हणून कुणीतरी आत बसून रोज वेळेवर नको म्हणत होतं. आपण मात्र श्रेय टीव्हीवर हात मारणाऱ्याला दिलं.

या विद्येचा आद्यपुरुषही आमच्या रेडिओवाल्याच्याच पंगतीतला निघाला. मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, शिक्षण जेमतेम, पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचत असे आणि त्यांतूनच शिकला. गणित त्याला अखेरपर्यंत फारसं आलं नाही, पण डोळे लख्ख होते. १८३३ साली त्यानं पाहिलं, की सिल्व्हर सल्फाइड नावाचा पदार्थ तापवला की त्याचा रोध वाढायच्या ऐवजी कमी होतो. धातू तापले की विजेला जास्त अडवतात. हा पठ्ठ्या सैल पडत होता. उणे टी जन्माला आला तो असा. त्याचा धंद्यात उपयोग व्हायला पुढं जवळपास शंभर वर्षं गेली. १९३० साली सॅम्युएल रूबेन या अमेरिकन संशोधकानं बाजारात चालेल असा थर्मिस्टर केला. फॅरडेला लंडनच्या थंडीत पदार्थ तापवायला दिवा लावावा लागला. जामनेरला असता तर पुडी नुसती खिडकीत ठेवली असती.

लंडनवरून आठवलं. या थर्मिस्टरच्या अंगावर एक आकडा असतो, उदाहरणार्थ १० किलोओहम. हा आकडा कुठल्या तापमानाचा? तर २५ अंशांचा. सगळं जग २५ अंश धरून चालतं आणि त्याला 'खोलीचं तापमान' म्हणतं. कुणाची खोली, हो? आमच्या खोलीत पंचवीस अंश बघायचे तर जानेवारीत सकाळी उठावं लागतं. हाच १० किलोओहमचा मणी मे महिन्याच्या दुपारी जामनेरला आणा. ४५ अंशांत त्याचा रोध साधारण साडेचार किलोओहमच्याही खाली येतो. अर्धी शक्तीसुद्धा उरत नाही! शून्य अंशाच्या थंडीत हाच मणी तिसावर बाता मारत असतो. दुपारी दोन वाजता आमच्याकडे काम मागायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या साहेबांना मी आता एवढंच सांगतो, की आमच्यावर छापलेला आकडा पंचवीस अंशांचा आहे.

मोबाइलच्या बॅटरीलाही असाच एक मणी चिकटवलेला असतो. फोन फार तापला की मणी सैल पडतो, फोनला ते कळतं आणि तो चार्जिंग थांबवतो, पडदा मंद करतो, शेवटी 'मला थंड होऊ द्या' अशी पाटी लावून झोपून जातो. कित्येक फोनच्या पुस्तिकेत, ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं छापलेलं असतं. या हिशेबानं आमच्या गावात मार्च ते जून फोन ही वस्तू घराबाहेर काढणं बेकायदा ठरावं. पण बघा, एका फोनची केवढी काळजी! काही रुपयांचा मणी, पण तो 'आता पुरे' म्हणतो आणि सगळी कंपनी त्याचं ऐकते.

हे मला सुचलं त्याच आठवड्यात रेडिओवाला पडला.

त्याचा धंदा असा, की जेव्हा गाव दारं लावून झोपतो तेव्हा याच्याकडे गर्दी. कूलर थंडीत बिघडत नाहीत. फ्रीज, पंखे, पंप, सगळ्यांना मरणाची वेळ मेची दुपार. वर पत्रा, समोर तापलेली सोल्डरिंग गन, मागे दुरुस्त करायला आलेले पाच कूलर, म्हणजे पाचही बंद. दुपारी तीनच्या सुमाराला एक गिऱ्हाईक गेलं, तर हा कुठल्यातरी भलत्याच माणसाच्या रेडिओबद्दल बोलत होता. अंग तव्यासारखं, आणि घाम नाही. गिऱ्हाईक शहाणं होतं. त्यानं त्याला सावलीत ओढलं, अंगावर माठ पालथा केला आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शरीराचं तापमान चाळीसच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला की तो उष्माघात, आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी मी बघायला गेलो. खाटेवर बसून ताक पीत होता. म्हणाला, "सर, लोकांच्या मोटारींच्या वायंडिंगमध्ये मी पीटीसी बसवतो. गरम झाली की आपोआप बंद. मोटार जळाली तर वीस हजारांचं नुकसान, म्हणून. माझ्यात कुणी बसवलाच नाही बघा."

मी म्हणालो, "बसवलेला असतो रे. आपण त्याची तार तोडून टाकतो."

मास्तरकीतली काही वाक्यं निवृत्तीनंतर सुचतात.

दुकान उघडलं तेव्हा शटरवर पांढऱ्या रंगात एक मोठं चित्र होतं: चौकोन, तिरपी रेघ, रेघेला पाय, पायाशी उणे टी. खाली मराठी आकड्यांत '१ ते ४'. बाकी एक अक्षर नाही. दुपारी एकला शटर खाली यायचं आणि चित्र रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं.

बाजारपेठेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, नव्या पक्षाचं निवडणूकचिन्ह आहे. एका उत्साही कार्यकर्त्यानं तर तिकीट कुणाला मिळणार याची चौकशी केली. एका आजीबाईंना ते कुठल्यातरी देवीचं यंत्र वाटलं. त्यांनी जाता जाता हात जोडले. रेडिओवाला प्रत्येकाला तेच सांगायचा, "ऊन लागलं की सैल, म्हणून एक ते चार बंद." चौथ्या दिवसापासून सांगावं लागलं नाही. समोरच्या शिंप्यानं आपल्या फळीवर खडूनं तेच चित्र काढलं. पाय उलट्या बाजूला वळला होता, पण मी लाल शाई काढली नाही. पलीकडच्या सायकलवाल्यानं काढलं. दहा दिवसांत सबंध गल्ली एक नवं अक्षर वाचायला शिकली. बाराखडी शिकवायला मला वर्ष लागायचं.

मोठ्या शहरांनीही असलं काही करून पाहिलं आहे. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसं गेली. त्यानंतर २०१३ साली त्या शहरानं उन्हाशी वागायचा एक रीतसर आराखडा केला. पारा किती चढला की कुठला इशारा द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणी कुठं ठेवायचं, सगळं आधीच ठरलेलं. अख्ख्या शहराला थर्मिस्टर बसवण्याचाच हा प्रकार. आमच्या गल्लीनं तो खडूनं बसवला.

पण दुकान ज्याचं आहे त्याला शटर ओढता येतं. या मजकुरातली खरी मेख तिथं आहे. बाण आणि पाय यांतला फरक मी तुम्हांला मघाशी सांगितला. पायवाला आपला आपण बदलतो. बाणवाल्याची दांडी दुसऱ्याच्या हातात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक गोदाम आहे. तिथं ट्रक भर दुपारी लागला तर हमालांना पोती भर दुपारीच उतरवावी लागतात. एका दुपारी त्यांच्यातला एक जण पाणी प्यायला रेडिओवाल्याच्या ओट्याशी आला. शटर खाली होतं, शेजारच्या सावलीत रेडिओवाला बसला होता. हमालानं चित्राकडे पाहिलं, अर्थ विचारला, ऐकून घेतला. मग पाठ वळवून म्हणाला, "माह्या पाठीवर बी काढून दे ना भो हे."

रेडिओवाल्यानं खडू घेतला आणि त्याच्या उघड्या पाठीवर काढून दिलं. चौकोन, रेघ, पाय, उणे टी. घाम इतका होता की खडू उमटेना. दोनदा गिरवावं लागलं.

गोदामाच्या दारात मुकादमानं अडवलं. "हे काय रे काढलंय?"

"वाचता नाही येत का?" हमाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ट्रक चार वाजून गेल्यावर खाली झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते त्या खुणेमुळं, की वाटेत पहूरला ट्रकचं टायर फुटल्यामुळं, याची चौकशी करायला मी गेलो नाही. बरोबर आलेलं उत्तर रीत विचारून खोडायचं नसतं, एवढं मी मास्तरकीत शिकलो आहे.